काल्पनिक बेसबॉल टीम: ९-२ वरून १८-२१ वर आलोय. पोरगा विकू की थांबू?

बर्फाळ_बाळू

मंडळी, गेल्या हिवाळ्यात 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा कॉम्प्युटरवरचा गेम घेतला आणि तेव्हापासून झोपेचं खोबरं झालंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात बॅट फिरवायची नसते, टीम चालवायची असते. कोण खेळणार, कुठल्या क्रमाने, कोणाला खाली मायनर लीगमध्ये धाडायचं, कोणाला विकायचं, पगाराचे पैसे कुठून काढायचे, सगळी जबाबदारी आपली. खऱ्या मेजर लीगच्या टीम घेऊनही खेळता येतं, पण मी अख्खी काल्पनिक लीग उभी केली. टीमही खोट्या, खेळाडूही खोटे. माझी टीम ड्युलुथ फॉगहॉर्न्स. मी मिनेसोटात राहतो आणि लेक सुपीरियरच्या काठचं ते धुक्यातलं बंदर मला आवडतं, बाकी काही कारण नाही.

गेमने दिलेली नावं घरात कोणाच्या तोंडी बसेनात, म्हणून बायकोने सगळ्यांना टोपणनावं ठेवली आहेत. अण्णा म्हणजे आमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) आणि कॅप्टन, वय ३६. छोटू सेकंड बेसवर, वय २१, गुडघ्याला बाशिंग. मास्तर म्हणजे एक नंबरचा स्टार्टर, सामन्याची सुरुवात करणारा पिचर (चेंडू टाकणारा). आणि जमादार म्हणजे क्लोजर, सामना संपवणारा पिचर, जो शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये येतो आणि माझं रक्त आटवतो.

परिस्थिती अशी. सीझनची सुरुवात ९-२. मी हवेत. मग पुढच्या १७ सामन्यांत ३-१४. मग कसंबसं ६-५. आज १८-२१. टीमचे मालक (आम्ही त्यांना शेठ म्हणतो) यांनी सीझनच्या आधीच कळवलंय की यंदा निम्म्याहून जास्त सामने जिंकलेले पाहिजेत. माझं कॉन्ट्रॅक्ट यंदाच संपतंय, म्हणजे गेममधलं.

आता आमच्याच डिव्हिजनमधली (लीगमधल्या आमच्याच गटातली) एक टीम ३१ वर्षांचा चांगला डावखुरा स्टार्टर द्यायला तयार आहे. बदल्यात त्यांना छोटू हवाय. आमच्या स्काउटच्या (खेळाडू पारखणाऱ्याच्या) मते छोटू आज ४५ आहे आणि पुढे ६५ होऊ शकतो. (माप २० ते ८०, ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी माणूस.) डावखुऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट याच वर्षापुरतं.

देऊ का पोरगा?

टोमणा_पेठी

एवढ्या कळकळीने सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलं असतं तर लिफ्ट चालू झाली असती. (दिवा घ्या.)

कट्टा_डोंबिवली

बाळू, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा भारी आहे. ९-२ म्हणजे नऊ गोल का?

बाकी खोटी टीम चालवण्यात आम्हीही मागे नव्हतो. शाळेत पुस्तक-क्रिकेट. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आला की आउट. बहुतेक पोरं एक मॅच खेळून सोडून द्यायची. मी शंभर पानी वहीत अख्खी रणजी चालवायचो, सरासरीसकट. माझा एक ओपनर होता, तो भूगोलाच्या पुस्तकावर बरा खेळायचा. इतिहासात कायम लवकर जायचा.

बर्फाळ_बाळू

@कट्टा: हहपुवा. ९-२ म्हणजे नऊ जिंकले, दोन हरले. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ड्रॉ जवळपास नसतोच. एका टीमचे १६२ सामने, मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत, जवळपास रोज. म्हणजे ३९ सामने झाले तर अजून मेचा मध्यही उजाडलेला नसतो.

@टोमणा: आमच्याकडे लिफ्ट नाही, बर्फ काढायची पाळी असते. तीही चुकवतो.

आकडेमोड

बाळू, जिंकले-हरले नंतर बघू. आधी सांगा, रन किती काढले आणि किती दिले?

बर्फाळ_बाळू

काढले १७१, दिले १६८.

आकडेमोड

वाटलंच. तुम्ही वाईट खेळत नाही आहात. बेसबॉलचे आकडे मांडणाऱ्या बिल जेम्सचा जुना हिशेब आहे: काढलेल्या रनांचा वर्ग भागिले (काढलेल्यांचा वर्ग अधिक दिलेल्यांचा वर्ग). १७१ चा वर्ग २९,२४१. १६८ चा २८,२२४. भागाकार येतो ०.५०९. म्हणजे ३९ पैकी साधारण २० सामने तुम्ही जिंकायला हवे होते. जिंकलेत १८. दोन सामन्यांसाठी तुम्ही घरातलं पोर विकायला निघालात.

दुसरी गोष्ट. अगदी मधोमध ताकदीची टीम घ्या, प्रत्येक सामना छापाकाटा. अशा ३९ नाण्यांमध्ये तीन-एक इकडेतिकडे होणं रोजचं आहे. १६-२३ पण येईल, २३-१६ पण येईल, टीम तीच. तेव्हा ९-२ ला हवेत जायचं कारण नव्हतं आणि ३-१४ ला रडायचंही नाही. बरं, ३-१४ हा तुकडा तुम्ही निवडून काढलाय. सर्वात वाईट जागेपासून सर्वात वाईट जागेपर्यंत मोजलं की कुठलीही टीम भिकार दिसते.

एका रनाने निकाल लागलेले सामने किती, आणि त्यात काय झालं?

टोमणा_पेठी

या सूत्राला पायथागोरसचं नाव आहे म्हणे. काटकोन त्रिकोणातून सुटून आम्ही इथवर आलो, तर हा माणूस बेसबॉलमध्येही दबा धरून बसलाय.

फेनवे_पंत

बॉस्टनहून लिहितोय, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो. १९९० च्या ऑगस्टमध्ये आमच्या रेड सॉक्सना बुलपेनसाठी (राखीव पिचरांच्या ताफ्यासाठी) एक माणूस हवा होता. ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन आणला. त्याने आमच्यासाठी एकूण २२ इनिंग टाकल्या, चांगल्या टाकल्या, आणि सीझन संपल्यावर गेला. बदल्यात दिला होता मायनर लीगमधला जेफ बॅगवेल. बॅगवेल ह्यूस्टनला १५ वर्षं खेळला, ४४९ होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले, २०१७ ला हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला. इथल्या म्हाताऱ्यांसमोर आजही ते नाव काढायची सोय नाही.

एका वर्षाच्या पाहुण्यासाठी २१ वर्षांचा पोरगा? आणि तोही आपल्याच डिव्हिजनमधल्या टीमला? पुढची दहा वर्षं तो तुमच्याविरुद्धच खेळणार. नको.

सव्वाशेर

पंत, बॅगवेलचं उदाहरण सगळेच देतात. अर्धी गोष्ट सांगून चालणार नाही. १९८७ चं बघा. डेट्रॉइटने ऑगस्टमध्ये २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला आणि ३६ वर्षांचा पिचर डॉइल अलेक्झांडर घेतला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेमर झाला, मान्य. पण अलेक्झांडर डेट्रॉइटसाठी ९-० गेला. नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही! डेट्रॉइटने टोरोंटोला दोन सामन्यांच्या फरकाने मागे टाकून डिव्हिजन जिंकली. तो नसता तर घरी बसले असते. १९८७ ची डिव्हिजन त्यांच्या नावावर लागली ती लागली, स्मोल्ट्झ कितीही मोठा होवो.

पोरं 'पुढे ६५ होतील' असं स्काउट म्हणतात. त्यातली निम्मी कुठे जातात कोणाला पत्ता नसतो. बाळूला नोकरी यंदा वाचवायचीय. पुढच्या वर्षी छोटू ६५ होईल तेव्हा टाळ्या दुसरा मॅनेजर घेईल.

फेनवे_पंत

आणि ती डिव्हिजन जिंकून डेट्रॉइट पुढे कोणाकडून हरलं तेही सांगा की. बाळूच्याच मिनेसोटाकडून, पाच सामन्यांत.

मनीमाऊ_न्यूजर्सी

१९८७ निघालंच आहे तर मिलवॉकी ब्रूअर्स. बाळूची टीम बघून मला तेच आठवले. सीझनची सुरुवात १३-०. त्यात हुआन निएव्हेसचा नो-हिटर (समोरच्यांना सामनाभर एकही हिट नाही). पुढे २०-३ पर्यंत गेले, गावात कोणाचे पाय जमिनीवर नव्हते. मग मे महिन्यात सलग १२ हरले. त्याच वर्षी पॉल मॉलिटरने सलग ३९ सामन्यांत हिट (फटका मारून बेस गाठणं) मारला. शेवटी ९१-७१, डिव्हिजनमध्ये तिसरे, प्लेऑफ नाहीच. तेव्हा वाइल्ड कार्ड (डिव्हिजन न जिंकता मिळणारा प्रवेश) नव्हतं. चढउताराचं बोलायचं तर ९-२ आणि ३-१४ म्हणजे काहीच नाही.

(माझे यजमान मूळचे विस्कॉन्सिनचे, त्यामुळे हे सगळं लग्नात रुखवतासोबत मिळालं.)

कट्टा_डोंबिवली

मला एवढंच कळलं की सुरुवातीवरून काही ठरवू नये. आमच्या मुंबई इंडियन्सने २०१५ ला पहिल्या चारच्या चार मॅच घालवल्या होत्या. कट्ट्यावर सगळ्यांनी टीम मोडीत काढली. मेमध्ये कप आणला.

आकडेमोड

@कट्टा: बरोबर, आणि आयपीएलमध्ये साखळीत १४ च सामने असतात. चार हरलात तर पाव स्पर्धा गेली. बाळूचे अजून १२३ बाकी आहेत. बेसबॉलमधलं अलीकडचं उदाहरण २०१९ चं वॉशिंग्टन. ५० सामन्यांनंतर १९-३१. पेपरवाले रोज मॅनेजरच्या निरोपाची बातमी लिहीत होते. मालकांनी त्याला ठेवलं. ९३-६९ वर सीझन संपवला आणि वर्ल्ड सिरीज (शेवटची विजेतेपदाची मालिका) जिंकली.

उलटही असतं. १९८८ ला बाल्टिमोर सहा हरल्यावरच मॅनेजर काढून मोकळे झाले. नव्या मॅनेजरच्या हाताखाली आणखी १५ हरले. ०-२१.

बाळू, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

शांत_वाचक

वाचतेय. बेसबॉल कधी बघितलेला नाही, पण अण्णांची काळजी वाटायला लागली आहे. का ते माहीत नाही.

बर्फाळ_बाळू

ऑफिसात होतो. एका रनाच्या सामन्यांत ३-९. होय, तीन जिंकले, नऊ हरले. बाकीच्यांत १५-१२.

परवाचा सामना सांगतो म्हणजे कळेल. बाहेरगावी, नववी इनिंग, आम्ही ४-३ ने पुढे. जमादारला आणला. पहिला आउट. दुसऱ्याला वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट. तिसऱ्याचा डबल (दोन बेसचा फटका), तर रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. चौथा स्ट्राइकआउट. दोन आउट, एक पाहिजे. पाचव्याने खाली ठेवून मारला, चेंडू जमिनीवरून शॉर्ट आणि थर्डच्या फटीत. जोरात पण नव्हता हो. अण्णा उजवीकडे गेले, बॅकहँड टाकला, आणि चेंडू ग्लोव्हच्या पुढून निघून गेला. गेममध्ये याचं चित्र फारसं नसतं, मजकुराची एक ओळ येते आणि मैदानावरचे ठिपके सरकतात. ठिपक्यांवरून पण कळत होतं की अण्णांचा ठिपका उशिरा हलला. दोन रन. ४-५. घरचे प्रेक्षक नाचताहेत.

मी जमादारचं नाव यादीत खाली ओढलं आणि लॅपटॉप मिटला.

सव्वाशेर

जमादारला आधीच खाली ओढायला हवं होतं. आणि 'क्लोजर नवव्यातच' हा हट्ट कशाला? आठव्यात समोरच्यांचे तीन, चार, पाच नंबरचे बॅट्समन येणार असतील तर तिथेच तुमचा सर्वात चांगला रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) टाका. नवव्यात सात-आठ-नऊ येतील, त्यांना जमादार पुरेसा आहे.

मनीमाऊ_न्यूजर्सी

सव्वाशेरना अनुमोदन. पहिल्यांदाच.

आकडेमोड

मला जमादार दोषी दिसत नाही. त्याने जमिनीवरून मारायला लावलं, रिलीव्हरने आणखी काय करायचं? तुमचे पिचर बहुतेक सिंकर (खाली बुडणारा, जमिनीवरून मारायला लावणारा चेंडू) टाकणारे आहेत का? आणि तीन आकडे द्या: टीमचा ई.आर.ए., फिप, आणि तुमच्याविरुद्धचा बॅबिप.

(कट्टा विचारायच्या आधी: ई.आर.ए. म्हणजे पिचरच्या खात्यावरचे रन, नऊ इनिंगमागे. फिप फक्त स्ट्राइकआउट, वॉक, अंगावर मारलेले आणि होमरन धरतो, म्हणजे फिल्डरचा हात जिथे लागतच नाही तेवढंच. बॅबिप म्हणजे होमरन सोडून मैदानात आलेल्या चेंडूंपैकी किती हिट पडले. तो सहसा .३०० च्या आसपास राहतो.)

बर्फाळ_बाळू

सिंकरवालेच आहेत, मीच शोधून शोधून आणले. स्वस्त मिळतात. ई.आर.ए. ३.९८, फिप ३.५२, बॅबिप .३२४.

आकडेमोड

सापडलं. तुमचे पिचर चांगलेच आहेत, आणखी एक स्टार्टर आणून काय होणार? त्याचेही चेंडू त्याच फटीतून जातील. सगळी टीम जमिनीवरून चेंडू मारायला लावते आणि ज्या जागी सर्वात जास्त चेंडू येतात तिथे ३६ वर्षांचा माणूस उभा आहे. अण्णांची शॉर्टवरची रेंज (किती लांबच्या चेंडूपर्यंत पोचतात ते माप) किती? छोटूची किती?

बर्फाळ_बाळू

अण्णा ४०. छोटू ६५.

आकडेमोड

आणि तुम्ही तो ६५ विकायला काढलाय.

टोमणा_पेठी

आकडेमोड यांनी फीचं बिल पाठवावं.

बर्फाळ_बाळू

थांबा, एवढं सोपं नाही. गेममध्ये खेळाडूंना स्वभावही असतात. नेतृत्व, निष्ठा, हाव, कष्टाळूपणा. अण्णांचं नेतृत्व सर्वात वर आहे, ड्रेसिंग रूम त्यांच्यावर चालते. त्यांना शॉर्टवरून काढलं तर ते नाराज होणार आणि त्यांच्यामागे आणखी तिघं. छोटूला सांभाळून घेणारेही तेच आहेत. शिवाय ११ वर्षं ते फॉगहॉर्न्सकडे आहेत. (आहेत म्हणजे गेमने तसा इतिहास तयार केलाय. हसू नका.)

फेनवे_पंत

हसत नाही. खरी माणसंसुद्धा इथेच अडकतात. २००४ ला यांकीजनी ॲलेक्स रॉड्रिग्झ आणला. त्याआधीच्या दोन्ही वर्षी शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं बक्षीस) त्याच्याकडे होता. पण यांकीजच्या शॉर्टवर डेरेक जेटर, कॅप्टन. मग कोण हलला? रॉड्रिग्झ थर्डवर गेला. जेटरच्या रेंजवर आकडेवाले वर्षानुवर्षं बोटं मोडत होते, त्याला कोणी हात लावला नाही. यांकीजचं कौतुक माझ्या तोंडून निघणार नाही, पण त्यांची अडचण समजते.

दुसरीकडे बाल्टिमोरचा कॅल रिपकन. १९९६ च्या जुलैमध्ये त्याला काही सामने थर्डवर नेऊन बघितलं, परत शॉर्टवर आणलं. मग १९९७ पासून तो थर्डवर गेला तो गेला. सलग २,६३२ सामने खेळलेला माणूस, त्याची मनधरणी काय सोपी असेल? त्या वर्षी बाल्टिमोरने डिव्हिजन जिंकली.

जळगावकरीण

एवढा वेळ गप्प होते, आता राहवत नाही. मी कॉलेजपर्यंत सॉफ्टबॉल खेळले, शॉर्टवर. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०, तेव्हा सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. पण शॉर्टवर वय सर्वात आधी पहिल्या पावलात दिसतं. हात तोच असतो, थ्रो तोच असतो, चेंडू बॅटवरून सुटला की जे पहिलं पाऊल पडायचं ते अर्ध्या क्षणाने पडतं. बाळूने सांगितलेला तो ठिपका उशिरा हलला ना, तेच.

थर्डवर वेगळं काम असतं. चेंडू इतका अंगावर येतो की धावायला वेळच नसतो. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे, छाती आडवी घालायची, आणि मग लांब थ्रो. तिथे खांदा लागतो, धीर लागतो. आमच्या टीममध्ये एक सीनियर ताई होती, तिला सरांनी शॉर्टवरून थर्डवर आणलं आणि मला तिच्या जागी. पहिले चार दिवस ताई माझ्याशी बोलत नव्हती. मग एका मॅचमध्ये माझ्या उजवीकडचा चेंडू तिने अडवला आणि म्हणाली, "तू आपली मध्ये बघ, इकडचं मी बघते." तिथून पुढे फट राहिलीच नाही. थर्डवर अण्णा आणि शॉर्टवर छोटू, तर अण्णा थोडे रेषेला धरून उभे राहू शकतात.

अण्णांचा थ्रो कसा आहे?

बर्फाळ_बाळू

ताई, थ्रो ६० आहे! थर्डवर सध्या जो आहे तो बॅटिंगला .२११ आहे, म्हणजे अगदीच कमी, त्याला बसवता येईल. सेकंडवर बदली खेळाडू आहे, बरा आहे.

शांत_वाचक

ताई अण्णांशी बोलली याचा मला फार आनंद झालाय. म्हणजे तुमच्या ताईंचं म्हणतेय. तुम्हाला कळलं.

सव्वाशेर

वाहवत जाऊ नका. ठिपके नाराज झाल्याची चर्चा करतोय आपण.

टोमणा_पेठी

@सव्वाशेर: काल रात्री मालिकेतल्या सुनेसाठी तुमच्या घरी कोण रडत होतं?

सव्वाशेर

ती आई होती.

कट्टा_डोंबिवली

अवांतर: आपल्याकडून कोणी गेलं होतं ना अमेरिकेत बेसबॉलला?

मनीमाऊ_न्यूजर्सी

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशचे, मूळचे भालाफेकपटू. २००८ ला भारतात टीव्हीवर वेगवान चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली, त्यातून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. मायनर लीगमध्ये खेळले. रिंकू पुढे कुस्तीच्या टीव्ही शोमध्ये गेला.

कट्टा_डोंबिवली

भाला फेकणारा थेट पिचर! आमच्या पुस्तक-क्रिकेटमध्ये एवढी उलाढाल नव्हती.

बर्फाळ_बाळू

अवांतरात भर: एप्रिलमध्ये टार्गेट फील्डला सामना बघायला गेलो होतो. २०१० ला उघडलेलं मैदान, छत नाही. त्याआधी आमचे मिनेसोटा ट्विन्स मेट्रोडोममध्ये छताखाली खेळायचे. जाकीट, त्यावर जाकीट, तरी हाताला कळत नव्हतं हातात कॉफी आहे की नाही. गार हवेत चेंडू लांब जात नाही, एक चांगला लागलेला फटका भिंतीजवळ झेल होऊन खाली आला आणि शेजारचे आजोबा म्हणाले, "जुलैमध्ये हा गेला असता." ड्युलुथला तर जूनपर्यंत तलावावरून गार वारा येतो, म्हणून तर मी जमिनीवरून मारायला लावणारे पिचर जमवले. नाहीतर हवेत मारायला लावणारे घेतले असते तरी चाललं असतं म्हणा.

आकडेमोड

उलट. हवेत मारायला लावणाऱ्यांनाच गार मैदानाचा जास्त फायदा, लांबचे फटके झेल होतात. सिंकरवाले कुठेही चालतात, त्यांना मैदानापेक्षा चांगलं इनफिल्ड (बेसजवळचे फिल्डर) लागतं. पुढच्या सीझनला विचार करा. सध्या आहे त्यात अण्णा-छोटू बदल.

सव्वाशेर

माझं मत नोंदवून ठेवा: डावखुरा घ्या.

*(मधल्या काळात धागा थंड होता.)*

कट्टा_डोंबिवली

बाळू, काय झालं अण्णांचं? इथे लोक जेवलेले नाहीत.

बर्फाळ_बाळू

क्षमस्व, घरी पाहुणे होते. आता ६१ सामने झालेत, ३१-३०.

अण्णा थर्डवर, छोटू शॉर्टवर. अण्णांच्या नावापुढे नाराजीचं लाल चिन्ह आलं आणि सलग सहा सामने त्यांना हिट मिळाला नाही. बायको म्हणाली, त्यांना परत पाठवा. मी बॅटिंगमध्ये मात्र त्यांना दुसऱ्या नंबरवर कायम ठेवलं. आता चिन्ह पिवळं आहे. छोटू तीन सोपे थ्रो पहिल्या बेसच्या डोक्यावरून फेकून मोकळा झालाय, पण ज्या चेंडूंपर्यंत पोचतो ते बघून मन भरतं. बॅबिप .३०९ वर आला. एका रनाचे सामने नंतर ६-३. सव्वाशेर यांचा आठव्या इनिंगचा सल्लाही घेतला. जमादार आता नवव्यात शेपटाला टाकतो आणि सुखी आहे.

डावखुरा मी घेतला नाही, तो डिव्हिजनमधल्याच तिसऱ्या टीमला गेला. गेल्या आठवड्यात आमच्याविरुद्ध सात इनिंग, एक रन. ६-१ हरलो.

सव्वाशेर

:) बोललो होतो.

फेनवे_पंत

एका सामन्यावरून? आकडेमोड, यांना नाण्यांचं परत समजावा.

बर्फाळ_बाळू

खरी बातमी पुढेच आहे. काल मास्तर तिसऱ्या इनिंगमध्ये कोपर धरून बाहेर गेले. रिपोर्ट आला, लिगामेंट. १४ महिने.

मनीमाऊ_न्यूजर्सी

अरेरे. टॉमी जॉन सर्जरी. ज्याच्या नावाने ओळखतात त्या पिचर टॉमी जॉनवर ती पहिल्यांदा १९७४ ला झाली, डॉ. फ्रँक जोब यांनी मनगटाकडचा स्नायुबंध काढून कोपरात बसवला. तेव्हा परत येईल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. १९७६ ला आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. मास्तरांचं वय काय?

बर्फाळ_बाळू

३३. येतील, पण यंदा नाही. ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची मायनर लीग) मधून २४ वर्षांचा एक उजवा पिचर वर बोलावलाय. ताशी ९८ मैल टाकतो. उद्या शिकागोवाल्यांविरुद्ध पहिला सामना. शेठ स्वतः बघायला येणार आहेत.

आकडेमोड

वेग राहू द्या. वॉक किती देतो?

बर्फाळ_बाळू

नऊ इनिंगमागे ५.६.

आकडेमोड

शेठना उशिरा यायला सांगा.